पाकिस्तानचे ड्रोन पाडणारी तोफ साठ वर्षं जुनी, मग हजारो कोटींची नवी क्षेपणास्त्रं कशाला?

तारीख ८ मे २०२५. धरमशालाच्या स्टेडियमवर पंजाब किंग्ज आणि दिल्ली कॅपिटल्सची मॅच रंगात आली होती. १०.१ ओव्हरमध्ये पंजाबचा स्कोअर होता १ बाद १२२. तेवढ्यात मैदानावरचे फ्लडलाइट एकेक करून बंद व्हायला लागले. थोड्या वेळात मॅच रद्द झाली, प्रेक्षकांना बाहेर काढलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी अख्खी आयपीएल आठवडाभरासाठी थांबवण्यात आली.

त्याच रात्री जम्मूत ब्लॅकआउट होता. लोकांनी घराच्या गच्चीवरून मोबाईलवर व्हिडिओ काढले आणि ते काही मिनिटांत सगळीकडे फिरले. काळंकुट्ट आकाश, त्यात खालून वर जाणारी लाल ठिपक्यांची रांग आणि मधेच एखादा स्फोट. तुमच्याही फोनवर यातला एखादा व्हिडिओ नक्की आला असणार. काही खरे होते, तर काही चक्क 'आर्मा ३' नावाच्या व्हिडिओ गेममधून उचललेले होते.

व्हिडिओसोबत दोन दावेही जोरात फिरले. पहिला, 'सगळं काम एस-४०० ने केलं'. दुसरा, 'साठ वर्षं जुन्या तोफांनी पाकिस्तानचे ड्रोन पाडले, मग नव्या क्षेपणास्त्रांवर एवढा पैसा कशाला?'

दोन्ही दावे अर्धवट आहेत. का, ते नीट समजून घेऊ.

ते लाल ठिपके म्हणजे नेमकं काय?

विमानविरोधी तोफेच्या गोळ्याच्या मागच्या बाजूला एक जळणारा मसाला असतो. गोळा उडाला की तो लाल रंगात पेटतो, त्यामुळे गोळा कुठे चाललाय हे तोफेवरच्या जवानांना दिसतं. याला ट्रेसर म्हणतात. व्हिडिओतले एका रेषेत, ठराविक अंतराने जाणारे ठिपके म्हणजे असे गोळे. क्षेपणास्त्र असं दिसत नाही. ते एकटं जातं, मागे आगीचा लोळ असतो आणि ते हवेत वळतं.

भारतीय लष्कराकडच्या अशा तोफांमध्ये सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे एल-७०. मूळ कंपनी स्वीडनची बोफोर्स. हो, तीच बोफोर्स. पण १९८० च्या दशकातला वाद ज्या तोफेवरून झाला आणि जी १९९९ मध्ये कारगिलला गाजली, ती १५५ मिलिमीटरची, जमिनीवर लांब मारा करणारी तोफ. एल-७० वेगळी. ती ४० मिलिमीटरची, आकाशाकडे तोंड करून बसणारी, आणि भारतात आली १९६० च्या दशकात. पुढे ती भारतातच बनायलाही लागली.

तिचा वेग मिनिटाला साधारण ३०० गोळे, म्हणजे सेकंदाला पाच. मारक पल्ला साडेतीन ते चार किलोमीटर. तिच्या जोडीला असते दोन नळ्यांची झेडयू-२३. मूळची सोव्हिएत बनावटीची ही तोफ अडीच किलोमीटरपर्यंत मारा करते. तिसरी शिल्का. ती रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालते, तिला चार नळ्या आहेत आणि डोक्यावर स्वतःचं रडार.

या तोफा चालवणारं दलसुद्धा वेगळं आहे. १९९४ पर्यंत ते तोफखान्याचा भाग होतं. १० जानेवारी १९९४ ला 'आर्मी एअर डिफेन्स' ही स्वतंत्र शाखा झाली. तिचं प्रशिक्षण केंद्र ओडिशातल्या गोपाळपूरला आहे.

साठ वर्षांची तोफ आजच्या ड्रोनला कशी भिडली?

समजा, ताशी १५० किलोमीटर वेगाने एक ड्रोन येतोय आणि तो तोफेपासून तीन किलोमीटरवर आहे. एल-७० चा गोळा सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगाने नळीतून निघतो, पण हवेत त्याचा वेग कमी होत जातो. तीन किलोमीटर जायला त्याला चार-पाच सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ड्रोन दीडशे ते दोनशे मीटर पुढे सरकलेला असतो.

म्हणजे ड्रोन आत्ता जिथे दिसतोय तिथे नेम धरला तर गोळा हमखास चुकणार. चार सेकंदांनी तो जिथे असेल, तिथे नेम धरायला हवा. पतंग काटताना आपण जसा समोरच्या पतंगाच्या पुढच्या चालीचा अंदाज घेतो, तसंच. फरक एवढाच की इथे अंधार आहे, लक्ष्य पक्ष्याएवढं आहे आणि चुकायला जागा नाही.

हे गणित पूर्वी जवानांचा सराव आणि बाहेरचं रडार यांच्या जोरावर चालायचं. एल-७० ला स्वतःचं रडार नाही. 'फ्लायकॅचर'सारखं वेगळं रडार तिला लक्ष्य दाखवतं. गेल्या काही वर्षांत भारत इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे बीईएल या सरकारी कंपनीने यातल्या अनेक तोफांचं नूतनीकरण केलं. तोफ फिरवायच्या जुन्या यंत्रणेच्या जागी इलेक्ट्रिक मोटर आल्या. दिवसा बघणारा कॅमेरा आला, रात्री उष्णतेवरून लक्ष्य शोधणारा थर्मल कॅमेरा आला, अंतर मोजणारं लेझर आलं. गोळा नळीतून किती वेगाने निघाला हे मोजणारं छोटं रडारही बसवलं गेलं. या सगळ्याची माहिती कॉम्प्युटरकडे जाते आणि नेम कुठे धरायचा ते तो सांगतो.

थोडक्यात, नळी १९६० च्या दशकातली आणि डोळे आजचे. मे महिन्यात कामाला आली ती ही जोडी. नुसती जुनी नळी असती, तर गोळे बरेच उडाले असते आणि ड्रोन थोडेच पडले असते.

मग एस-४०० ने काय केलं?

इथे सोशल मीडियावरचा सगळ्यात मोठा गोंधळ सोडवू. एस-४०० लष्कराचं नाही, हवाई दलाचं आहे. २०१८ मध्ये रशियाशी ५.४३ अब्ज डॉलरचा करार झाला. पाच स्क्वाड्रनपैकी तीन मे २०२५ पर्यंत भारतात आले होते. त्याचा पल्ला ४०० किलोमीटरपर्यंत. मोठी विमानं, लढाऊ विमानं, क्षेपणास्त्रं लांबूनच अडवणं हे त्याचं काम. हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग यांनी ९ ऑगस्ट २०२५ ला बंगळुरूत सांगितलं की या संघर्षात पाकिस्तानची पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडलं गेलं आणि ते मोठं विमान सुमारे ३०० किलोमीटरवरून टिपलं. पाकिस्तानने हा दावा फेटाळला आहे.

पण गच्चीच्या उंचीवरून घरघरत येणाऱ्या छोट्या ड्रोनवर एस-४०० वापरणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

म्हणून हवाई संरक्षण थरांमध्ये उभं केलं जातं. १२ मे २०२५ च्या पत्रकार परिषदेत तेव्हाचे डीजीएमओ लेफ्टनंट जनरल राजीव घई यांनी हे क्रिकेटच्या भाषेत सांगितलं. त्याच दिवशी विराट कोहलीने कसोटीतून निवृत्ती जाहीर केली होती. घई यांनी त्याचा उल्लेख केला आणि मग १९७० च्या दशकातल्या ॲशेस मालिकेची आठवण सांगितली. थॉमसनच्या तडाख्यातून सुटलात तर समोर लिली उभा. हवाई संरक्षणही तसंच, एका थरातून सुटलेला पुढच्या थरात सापडतो.

हे थर बाहेरून आत असे बघा:

* सगळ्यात लांब एस-४००, हवाई दलाकडे.
* त्यानंतर साधारण ७० किलोमीटरपर्यंत एमआरएसएएम, डीआरडीओ आणि इस्रायलने मिळून बनवलेलं. हे लष्कराकडेही आहे.
* मग २५ किलोमीटरपर्यंत आकाश, पूर्ण भारतीय. लष्कराकडे याच्या दोन रेजिमेंट होत्या. सुधारित आकाशच्या आणखी दोन रेजिमेंटसाठी मार्च २०२३ मध्ये ८,१६० कोटी रुपयांचा करार झाला.
* त्याच्या आत सोव्हिएत काळातली ओसा-एके, स्ट्रेला-१०, तुंगुस्का आणि खांद्यावरून डागायचं इग्ला.
* आणि सगळ्यात शेवटी तोफा. त्यांच्या मागे फक्त ज्याचं रक्षण करायचं ते ठिकाण उरतं.

याशिवाय ड्रोनचा सिग्नल जाम करणारी यंत्रणा वेगळी. तिचं यश व्हिडिओत दिसत नाही, कारण तिथे स्फोट होत नाही. ड्रोन नुसताच भरकटतो किंवा खाली येतो.

एवढ्या सगळ्यांना कोण सांगतं, कोणी कशावर गोळी झाडायची?

खरं कठीण काम हेच आहे. त्या रात्री आकाशात आपली विमानंही होती, शत्रूचे ड्रोनही होते, आणि पक्षी तर नेहमीच असतात. पाच तोफांनी एकाच ड्रोनवर गोळे उडवले आणि सहावा ड्रोन मोकळा गेला, तर उपयोग नाही. चुकून आपलंच विमान पाडलं, तर त्याहून वाईट.

यासाठी लष्कराकडे 'आकाशतीर' आहे. मार्च २०२३ मध्ये बीईएलशी १,९८२ कोटी रुपयांचा करार झाला. आकाशतीर हे शस्त्र नाही, जाळं आहे. वेगवेगळ्या रडारांनी बघितलेलं एकत्र करून ते सगळ्यांना एकच चित्र दाखवतं आणि कुठल्या लक्ष्यावर कोणी मारा करायचा हे ठरवायला मदत करतं. हवाई दलाच्या अशाच जाळ्याला, आयएसीसीएसला, ते जोडलेलं आहे.

नावातल्या सारखेपणामुळे अनेक पोस्टमध्ये 'आकाश' आणि 'आकाशतीर' यांची सरमिसळ झाली. आकाश म्हणजे क्षेपणास्त्र आणि आकाशतीर म्हणजे त्याच्यासकट तोफांनाही दिशा देणारी यंत्रणा.

पाकिस्तानने एवढे ड्रोन पाठवले कशासाठी?

९ मेच्या पत्रकार परिषदेत कर्नल सोफिया कुरेशी यांनी आकडा दिला होता. आदल्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी साधारण ३०० ते ४०० ड्रोन आले. प्राथमिक तपासानुसार ते तुर्कस्तानच्या 'असिसगार्ड सोंगर' प्रकारचे होते. त्यांचा उद्देश काय असावा, तर भारताची हवाई संरक्षण यंत्रणा चाचपून बघणं आणि माहिती गोळा करणं.

म्हणजे ड्रोन पडला तरी त्याचं काम झालेलं असू शकतं. तुमचं रडार कुठे सुरू झालं, तोफ कुठून उडाली, क्षेपणास्त्र डागायला किती वेळ लागला, हे समोरच्याला कळतं. आणि प्रत्येक ड्रोनमागे तुमचा साठा थोडा कमी होतो.

हे गणित जगाने युक्रेनमध्ये बघितलंय. रशिया वापरत असलेल्या शाहेद ड्रोनची किंमत २० ते ५० हजार डॉलर असल्याचे अंदाज आहेत. अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेचं एक आधुनिक क्षेपणास्त्र साधारण ४० लाख डॉलरचं. म्हणजे एका क्षेपणास्त्राच्या पैशात ८० ते २०० ड्रोन. अशा लढाईत प्रत्येक ड्रोन पाडूनही तुमचं दिवाळं निघू शकतं.

त्यामुळे युक्रेनमध्ये अचानक भाव आला तो जर्मनीच्या गेपार्डला. १९७० च्या दशकातली, दोन नळ्यांची, स्वतःचं रडार असलेली ही तोफ जर्मन सैन्याने कधीच निवृत्त केली होती. शाहेद पाडायला तीच सगळ्यात कामाची ठरली. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये पोलंडच्या हद्दीत वीसेक रशियन ड्रोन शिरले, तेव्हा नाटोला एफ-३५ सारखी विमानं उडवावी लागली. त्यातले काही ड्रोन फोम आणि प्लायवूडचे होते.

तोफेचा गोळा स्वस्त, तो हजारोंनी साठवता येतो आणि देशातच बनतो. एल-७० चं खरं बळ यात आहे.

मग तोफाच पुरेशा आहेत का?

नाहीत. का ते बघा.

पहिलं कारण, वेळ. ताशी १५० किलोमीटरने येणाऱ्या ड्रोनला तोफेचा चार किलोमीटरचा पट्टा पार करायला दीड मिनिट लागतं. ताशी ९०० किलोमीटरने येणाऱ्या विमानाला किंवा क्रूझ क्षेपणास्त्राला लागतात १६ सेकंद. तेवढ्यात बघायचं, ओळखायचं, नेम धरायचा आणि पाडायचं. शिवाय विमान आजकाल तोफेच्या पट्ट्यात येतच नाही. ते लांबूनच बॉम्ब सोडून परत फिरतं.

दुसरं, जागा. चार किलोमीटर पल्ल्याची तोफ एखादा विमानतळ, दारूगोळ्याचा साठा किंवा छावणी राखू शकते. पंजाबपासून गुजरातपर्यंतची सीमा, त्यालगतची गावं आणि शहरं राखायला किती तोफा लागतील, हिशोब करा. एल-७० ट्रकला जोडून ओढत न्यावी लागते, ते वेगळंच.

तिसरं, एकाच वेळी येणारा थवा. चार ड्रोन वेगवेगळ्या दिशांनी आले की एक तोफ एका वेळी एकाच बाजूला तोंड करू शकते.

चौथी गोष्ट व्हायरल व्हिडिओत फार दिसली नाही. ९ मेच्या रात्री पंजाबात फिरोजपूरजवळच्या खाई फेमे की गावात ड्रोनमुळे एका घराला आग लागली. एकाच कुटुंबातले तिघं भाजले, त्यातल्या महिलेचा पुढे उपचारादरम्यान मृत्यू झाला. हवेत पाडलेल्या ड्रोनचे तुकडेही खाली कुठेतरी पडतातच. म्हणून ब्लॅकआउट पाळा, गच्चीवर जाऊ नका असं प्रशासन सांगतं. आकाश लाल झालं की मोबाईल घेऊन वर धावणं हे सगळ्यात धोक्याचं काम आहे.

आणि तोफखान्याचा मारा? ८ मे रोजी सरकारने सांगितलं की पाकिस्तानच्या गोळीबारात १६ नागरिकांचा मृत्यू झाला, त्यात तीन महिला आणि पाच मुलं होती. पुंछसारख्या सीमेवरच्या भागात लोक मेले ते प्रामुख्याने तोफांच्या आणि मॉर्टरच्या गोळ्यांनी. आपण आज ज्या तोफा-क्षेपणास्त्रांबद्दल बोलतोय, ती असे गोळे अडवण्यासाठी बनलेलीच नाहीत. त्यापासून वाचवतात ते बंकर आणि वेळेवर केलेलं स्थलांतर. 'भारताचं आकाश अभेद्य' या पोस्टमध्ये हे वाक्य नसतं.

पुढे काय येतंय?

मे नंतर हालचाली वेगाने झाल्या, आणि त्या बघितल्या की लष्कराला कुठली फट बुजवायची आहे ते कळतं.

जुलै २०२५ मध्ये बीईएलशी सुमारे २,००० कोटींचा करार झाला, तोफांना लक्ष्य दाखवणाऱ्या नव्या रडारसाठी. म्हणजे आधी डोळे. त्याच महिन्यात लडाखमध्ये १५ हजार फुटांहून जास्त उंचीवर 'आकाश प्राइम'ची चाचणी झाली आणि त्याने वेगवान मानवरहित लक्ष्यं पाडली.

२३ ऑगस्टला ओडिशाच्या किनाऱ्यावर डीआरडीओने तीन शस्त्रं एकत्र तपासली: ३० किलोमीटर पल्ल्याचं, चालत्या फौजेबरोबर जाणारं क्यूआरएसएएम, जवानाला उचलून नेता येईल असं व्हीशोराड्स, आणि लेझर. लेझरचं आकर्षण सरळ आहे. गोळा संपतो, वीज असेपर्यंत लेझर संपत नाही. पण धुकं, धूळ आणि पाऊस असला की त्याची ताकद कमी होते.

महाराष्ट्राचाही यात हात आहे. नागपूरच्या सोलर समूहाने 'भार्गवास्त्र' बनवलंय. ड्रोनच्या थव्यावर छोटी-छोटी रॉकेट सोडायची, अशी त्याची कल्पना. १३ मे २०२५ ला, म्हणजे गोळीबार थांबून तीनच दिवस झाले असताना, गोपाळपूरला त्याच्या रॉकेटची चाचणी झाली. स्वस्त ड्रोनला स्वस्त उत्तर, या दिशेचाच हा प्रयत्न.

आणि या सगळ्याच्या वर, १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केलेलं 'मिशन सुदर्शन चक्र'. २०३५ पर्यंत लष्करी ठिकाणांबरोबरच रुग्णालयं, रेल्वे, श्रद्धास्थानं अशा नागरी ठिकाणांनाही कवच द्यायचं, असं त्याचं उद्दिष्ट सांगितलं गेलं.

तर मुद्दा काय?

साठ वर्षांच्या तोफेने काम केलं म्हणून नव्याची गरज नाही, असं म्हणणं चुकीचं. ती चालली कारण तिला नवे डोळे मिळाले, आकाशतीरने तिला वेळेवर माहिती दिली, आणि वरचे थर मोठ्या विमानांना लांब ठेवत होते. यातलं एक जरी नसतं, तरी त्या रात्रीची गोष्ट वेगळी असती.

आणि एस-४०० असलं की झालं, हेही चुकीचं. पुढच्या वेळी ४०० ऐवजी ४,००० ड्रोन आले, तर किती महाग क्षेपणास्त्रं आहेत यापेक्षा किती स्वस्त गोळे आहेत, ते किती लवकर बनतात आणि त्यांना दिशा देणारी रडार किती आहेत, यावर खेळ ठरेल.

त्यामुळे पुढच्या वेळी हजारो कोटींच्या संरक्षण खरेदीची बातमी आली की क्षेपणास्त्र किती लांब जातं एवढंच बघू नका. ते पाडणार ते लक्ष्य केवढ्याचं, आणि ते विकत घेताना खालच्या थरातल्या तोफा, रडार आणि गोळ्यांसाठी किती पैसे ठेवले, हेही विचारा. सीमेवरच्या गावातल्या माणसांसाठी बंकर किती बांधले, हे तर आधी विचारा.